दानाला शाळेची वाट दाखवणारे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी

कर्वेनगर (पुणे) : आपल्या तालुक्यांतली बरीच पोरं-पोरी पुण्यात कर्वेनगर, वारजे, कोथरूड भागात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांच्या नोट्समध्ये एक नाव हमखास असतं, बदरुद्दीन तय्यबजी. राष्ट्रीय काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष. अधिवेशन मद्रासचं, साल १८८७. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. एक मार्काचा प्रश्न. उत्तर पाठ झालं की पोरं पान उलटतात.

या एका मार्कामागं एकसष्ट वर्षांचं आयुष्य आहे. धर्माच्या नावानं निघणारा पैसा कुठं जावा, आणि आपला धर्म नीट पाळणाऱ्या माणसानं दुसऱ्या धर्माच्या माणसाशी कसं वागावं, हे दोन प्रश्न आज गावागावांत आहेत. तय्यबजींनी या दोन्हींवर भाषणापेक्षा काम जास्त केलं. म्हणून त्यांची गोष्ट आपल्या वाचकांसाठी.

मदरशातून विलायतेला

बदरुद्दीन यांचा जन्म १८४४ सालचा, मुंबईचा. घराणं मूळ गुजरातेतल्या खंबायतचं, सुलेमानी बोहरा समाजाचं. वडील तय्यब अली व्यापारी. घरात अडचणीचे दिवस येऊन गेलेले, त्यातून त्यांनी धंदा परत उभा केलेला. अशा माणसाला पैशाची किंमत जास्त कळते. तय्यब अलींनी तो पैसा मुलांच्या शिक्षणावर लावला. मुलांना शिकायला थेट युरोपात पाठवलं. त्याकाळी मुंबईच्या मुसलमान व्यापाऱ्यांत ही गोष्ट नवलाची होती. मोठे भाऊ कमरुद्दीन इंग्लंडहून सॉलिसिटर होऊन आले.

बदरुद्दीन यांचं शिक्षण मात्र सुरू झालं मदरशात. दादा मखबा यांच्या मदरशात ते उर्दू, फारसी शिकले. धर्माचे पहिले धडे तिथलेच. मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिक्षण झालं. १८६० साली, अजून मिसरूडही फुटलं नसेल अशा वयात, ते इंग्लंडला गेले. तिथं डोळ्यांचं दुखणं मागं लागलं. मध्येच परत यावं लागलं, विद्यापीठाची पदवी राहून गेली. पण गडी पुन्हा गेला, आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच मुंबईत उतरला. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. आजूबाजूला सगळे गोरे वकील. त्यात या तरुणानं पाय रोवले आणि चांगली वकिली चालवली.

मदरसा आणि विलायत, दोन्ही त्यांच्या अंगात होतं. एकासाठी दुसरं त्यांनी सोडलं नाही. पुढचं सगळं काम याच पायावर उभं राहिलं.

जकात म्हणजे नाक्यावरची नव्हे

जकात म्हटलं की आपल्याला आठवतो जकात नाका. टेम्पो थांबवून पावती फाडणारा. शब्द तोच आहे, पण मुसलमान मुलाला मदरशात जी जकात शिकवतात ती वेगळी. ती धर्माच्या पाच मुख्य कर्तव्यांपैकी एक आहे. सर्वसाधारण नियम असा, की साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी शिल्लक वर्षभर ज्याच्याकडं राहिली, त्यानं त्या शिल्लकीचा चाळीसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच रुपये, गरजूंसाठी काढायचा. तो गरिबांचा हक्कच मानलेला आहे. त्यामुळं देणाऱ्यानं उपकार केल्याचा तोरा मिरवायचा नाही, आणि घेणाऱ्याला टोचून बोलायचं नाही.

शेतकऱ्यासाठी याच शिकवणुकीत वेगळा हिशेब आहे. त्याला उश्र म्हणतात. निव्वळ पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. मोट, पाट किंवा मोटार चालवून, खर्च करून पाणी दिलं असेल तर विसावा. जिरायत-बागायतीचा हा फरक शेती करणाऱ्या माणसाला लगेच पटतो. ज्यानं पाण्यासाठी घाम आणि पैसा घातला, त्याच्यावर भार निम्मा. आपल्याकडंही सुगीला खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा, दारी आलेल्याचा वाटा आधी निघायचा. जात्या मालातला काही भाग आपला नाही, ही समज दोन्हीकडं सारखीच.

याशिवाय मर्जीनं दिलं जाणारं दान, त्याला सदका म्हणतात. जमीन, घर, विहीर कायमची धर्मकार्याला लावली तर तो वक्फ. आणि हे सगळं करताना कंजूषपणाही नको, उधळपट्टीही नको, मधला मार्ग धरावा, हीही शिकवण त्याच पोटात आहे.

म्हणजे देण्याची सवय मुंबईच्या मुसलमान व्यापाऱ्यांत शिक्षणातूनच आलेली होती. मशिदी, मुसाफिरखाने, पाण्याची टाकी, हजला जाणाऱ्यांची सोय, गरिबांना जेवण, यावर पैसा खर्च होत होता. ते चांगलंच काम. पण गरिबाचं पोर पुढच्या वर्षी पुन्हा गरिबाचं पोरच राहत होतं. सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरकी यात मुसलमान मुलं जवळपास दिसत नव्हती. इंग्रजी शिकलं की पोरगं धर्माला मुकतं, अशी भीती घराघरात होती.

अंजुमनची सुरुवात

या भीतीवर उपाय म्हणून १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था सुरू झाली. कमरुद्दीन आणि बदरुद्दीन हे दोघं भाऊ, कोकणी मुसलमान समाजातले बडे व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे आणि शिक्षणाची कळकळ असलेले मुन्शी गुलाम महंमद, ही त्यातली मुख्य मंडळी. बदरुद्दीन आधी सचिव होते, पुढं अध्यक्ष झाले, आणि मरेपर्यंत या कामातून बाजूला झाले नाहीत.

१८८० साली संस्थेची पहिली शाळा निघाली. सुरुवातीला शंभर-सव्वाशे पोरं. शाळेचा विचार साधा होता. मुलाला त्याच्या धर्माचं शिक्षण मिळेल, उर्दू येईल, आणि त्याच छपराखाली इंग्रजी आणि गणितही येईल. बापाला घाबरायचं कारण उरणार नाही आणि पोराला मागं राहायचं कारण उरणार नाही.

पैसा कुठून आणायचा? समाजातल्या दानशूरांकडून वर्गणी, आणि त्याला जोड सरकार व नगरपालिकेच्या अनुदानाची. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमलं गेलं. त्याच्यापुढं तय्यबजींनी साक्ष दिली आणि मुस्लिम मुलांच्या शिक्षणाला खास मदत मागितली. समाजाकडं हात पसरायचा आणि सरकारकडं हक्कानं मागायचं, अशी दुहेरी रीत त्यांनी ठेवली.

मुंबईत सीएसएमटी स्टेशनच्या समोर घुमटाची, कमानीची जुनी दगडी इमारत आहे. मंत्रालयाच्या किंवा दवाखान्याच्या कामाला गेलेल्या आपल्या लोकांनी ती येता-जाता बघितली असेल. तीच अंजुमनची शाळा. १८९० साली तिचा पाया घातला गेला आणि १८९३ च्या फेब्रुवारीत ती खुली झाली.

एकदा वाट पडली की मागून येणाऱ्यांना सोपं जातं. हाजी महंमद साबू सिद्दीक या तरुण व्यापाऱ्यानं आपली संपत्ती दानात ठेवली. त्याच्या नावानं मुंबईत मुसाफिरखाना आहे आणि त्याच्याच नावानं १९३६ पासून तंत्रशिक्षणाची संस्थाही आहे. वाटसरूची रात्रीची सोय आणि पोराच्या हाताला हुन्नर, दोन्ही एकाच दानातून. ही तंत्रसंस्थाही आज अंजुमनच्या छत्राखाली चालते. शाळा, इंजिनिअरिंग, युनानी वैद्यक, कायदा असं शिक्षण अंजुमनच्या संस्थांत आज मिळतं, आणि तिथं दुसऱ्या धर्माची मुलंही शिकतात.

काँग्रेसचं अध्यक्षपद आणि त्याची किंमत

तय्यबजी, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग. एक मुसलमान, एक पारशी, एक हिंदू. हे तिघं मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले जोडीदार. १८८५ साली तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, आणि दोन वर्षांनी मद्रासच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद तय्यबजींकडं आलं.

ही खुर्ची सुखाची नव्हती. अलीगढचं कॉलेज काढणारे सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता. त्यांचं म्हणणं, काँग्रेसमध्ये हिंदूंची संख्या जास्त, तिथं मुसलमानांचं नुकसान होईल. दोघंही मुसलमानांच्या शिक्षणासाठीच झटत होते, दोघंही धर्म मानणारे, पण इथं वाटा वेगळ्या झाल्या. १८८८ साली दोघांत पत्रव्यवहार झाला. तय्यबजींचं म्हणणं असं, की आपल्या समाजाचे खास प्रश्न आपण वेगळे सोडवू, पण जे प्रश्न सगळ्या देशाचे आहेत तिथं सगळ्यांबरोबर बसलं पाहिजे.

यावर त्यांनी तोडगाही सुचवला. ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान समाज एकमुखानं विरोध करेल, तो विषय काँग्रेसनं चर्चेला घेऊ नये. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसनं हा नियम केला. गावच्या बैठकीत आपण हेच करतो. ज्यावर भांडण हमखास होणार ते बाजूला ठेवायचं, आणि रस्ता, पाणी, शाळा यावर एक व्हायचं.

तरी सगळं जमलं असं नाही. बरेच मुसलमान पुढारी काँग्रेसपासून लांबच राहिले. तय्यबजी स्वतः इतके कंटाळले, की काँग्रेसचं काम निदान पाच वर्षं थांबवावं असं त्यांनी त्याच साली ह्यूम यांना कळवलं. काँग्रेस थांबली नाही. मधल्या मार्गानं जाणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात, ती त्यांनाही बसली. पण म्हणून ते एका टोकाला जाऊन बसले नाहीत.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. माणसं मेली, दुकानं लुटली गेली. अंजुमनची नवी इमारत उघडून जेमतेम सहा महिने झाले होते. शाळा काढली म्हणजे दंगल होत नाही, असं कुणी म्हणू नये. पण दंगलीनंतरही शाळा चालू राहिली, पोरं वर्गात येत राहिली, हेही तितकंच खरं.

टिळकांना जामीन

१८९५ साली तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या कोर्टातले पहिले मुस्लिम न्यायाधीश. दोनच वर्षांनी त्यांच्यापुढं जे काम आलं, ते पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

१८९७ साली पुण्यात प्लेग. तपासणीच्या नावाखाली गोऱ्या सोल्जरांनी लोकांना छळलं. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. जुलैच्या शेवटी लोकमान्य टिळकांना केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तिथंही नाही म्हणाले. खटला पुढं सेशनला गेल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो आला न्यायमूर्ती तय्यबजींपुढं.

सरकार चिडलेलं, वातावरण तापलेलं. त्यात टिळक आणि तय्यबजी यांचं राजकारणही एक नव्हतं. तय्यबजी मवाळ गटातले. टिळकांना आत ठेवलं असतं तर सरकार खूश झालं असतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नसतं. पण त्यांनी जामीन दिला. विचार सरळ होता. खटला उभा राहायला अजून वेळ आहे, आरोपीला बचावाची तयारी करायची संधी हवी, आणि उद्या तो निर्दोष ठरला तर आज भोगलेली कोठडी कोण भरून देणार?

पुढं दुसऱ्या न्यायाधीशापुढं खटला चालून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ते वेगळं. टिळकांच्या वतीनं जामीन मागणारे वकील दिनशा दावर होते. तेच दावर १९०८ साली न्यायाधीश म्हणून बसले, तेव्हा टिळकांना जामीन नाकारून त्यांनीच सहा वर्षांची शिक्षा दिली. खुर्ची माणसाला बदलते. तय्यबजींना तिनं बदललं नाही. मदरशात शिकलेल्या या न्यायाधीशानं पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्याला न्याय दिला, आणि दोघांची जात-धर्म मध्ये आली नाही. १९०२ साली तय्यबजी काही काळ हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीशही होते.

घरच्या मुली

लोकांना सांगायचं एक आणि घरी करायचं एक, असं त्यांचं नव्हतं. मुसलमान घरातल्या मुली शाळेत दिसायच्याच नाहीत, त्या काळात तय्यबजींच्या मुली मुंबईत शाळेत गेल्या. पुढं धाकट्या मुलींना शिक्षणासाठी त्यांनी इंग्लंडलाही पाठवलं. यावरून समाजात कुजबुज झाली नसेल असं कोण म्हणेल?

१९०३ साली मुंबईत मुस्लिम शिक्षण परिषद भरली, तिचे तय्यबजी अध्यक्ष. समोर देशभरातून आलेली जुन्या वळणाची मंडळी. तिथं त्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली आणि पडद्याची रूढी धर्मानं सांगितल्यापेक्षा फार पुढं गेलीय, असं मत दिलं. त्यांनी धर्म सोडा असं म्हटलं नाही. धर्म काय सांगतो आणि रूढी काय सांगते हे निवडून बघा, एवढंच त्यांचं सांगणं. धान्य पाखडताना आपण सूप फेकून देत नाही, फोल तेवढं उडवतो. तसंच हे.

१९ ऑगस्ट १९०६ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. घराण्यानं वारसा पुढं नेला. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात म्हातारपणी तुरुंगात गेले. गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या सत्याग्रहाची धुरा त्यांनी घेतली होती. पक्षीतज्ज्ञ सलीम अली याच गोतावळ्यात वाढले.

हिंगण्याच्या माळावर तेच

आता परत कर्वेनगरला येऊ. या भागाचं जुनं नाव हिंगणे बुद्रुक. तय्यबजी शिकले त्याच एल्फिन्स्टनच्या कॉलेजातून १८८४ साली पदवी घेतलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर आणला. जमीन दिली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी, सहा एकर. वर झोपडी बांधायला पैसे दिले. पुढं १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. आपल्या मुली आज तिथं शिकतात, त्यामागं ही देणगी आहे.

कर्वे हिंदू, तय्यबजी मुसलमान. एकानं विधवांसाठी केलं, दुसऱ्यानं मागं पडलेल्या मुस्लिम पोरांसाठी. दोघांनाही स्वतःच्या समाजातून बोलणी बसली. दोघांनीही धर्मात आधीपासून असलेल्या दानाच्या सवयीला शाळेच्या दारात आणून उभं केलं.

तय्यबजींच्या कामाची उणीवही सांगायला हवी. अंजुमन ही शहराची, बड्या व्यापाऱ्यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली संस्था. गावाकडचा अत्तार, पिंजारी, बागवान, तांबोळी यांच्या दारापर्यंत हे शिक्षण पोचायला फार वेळ लागला. कित्येक ठिकाणी अजून पोचायचंय. ते काम मुंबईचे न्यायमूर्ती करणार नव्हते, ते गावालाच करावं लागेल.

आपल्याकडं यात्रा असते, उरूस असतो, गणपती असतो. वर्गणीला सगळे सगळीकडं देतात. उरसाच्या संदलमागं हिंदू पोरं चालतात आणि पालखीला मुसलमान घरातून चहा जातो, हे आपण लहानपणापासून बघतो. पण अलीकडं वर्गणीतला मोठा वाटा डीजे, लाइट आणि फ्लेक्सवर जातो. रात्री अकराला आवाज बंद झाला की पैसाही संपलेला असतो. शिवाय मोबाइलवर कुणीतरी लांबून पाठवलेला व्हिडिओ येतो आणि ज्याच्या घरचा चहा आपण पिलो त्याच्याकडं संशयानं बघायला लावतो.

यात्रा बंद करा, उरूस बंद करा असं कुणी म्हणत नाही. तय्यबजींनीही मशीद बंद करून शाळा काढा असं म्हटलं नव्हतं. शंभर रुपये जमले तर दहा शाळेला, एवढं जरी प्रत्येक कमिटीनं ठरवलं, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेची गळकी खोली दुरुस्त होईल, एखाद्या हुशार पोरीचा पुण्यातला कॉटचा खर्च निघेल. जिरायत पिकाचा दहावा हिस्सा काढायला सांगणारा जुना हिशेब याच मापाचा आहे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तर काढणारा कुठल्या धर्माचा आहे हे बघू नका. शाळा कुणाची आहे ते बघा. ती सगळ्यांच्या पोरांची आहे.